मामांची कॅसेट, एक जुनं चर्च आणि ४९ हर्ट्झ

(अंतिम वर्ष, ई अँड टीसी)

सहाव्या सेमला 'ऑडिओ इंजिनिअरिंग' इलेक्टिव्ह घेतलं तेव्हा सरांनी पहिल्याच तासाला विचारलं होतं, "तुमच्यापैकी गाणी ऐकतं कोण?" वर्गातले सगळे हात वर. मग त्यांनी विचारलं, "आणि नुसतं गाणंच ऐकतं कोण? म्हणजे हातात मोबाईल नाही, जर्नल नाही, समोर ताट नाही." एकच हात वर राहिला, आणि तोही मागच्या बाकावर आळस देणाऱ्याचा निघाला.

मित्रहो, हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं मी उशिरा दिलेलं उत्तर आहे. सबमिशनही मी उशिराच देतो, त्यामुळे सरांना नवल वाटणार नाही.

सुरुवात मामांच्या कॅसेटपासून करायला हवी. माझे मामा १९८१ ते ८५ इंजिनिअरिंगला होते, हॉस्टेललाच. त्यांच्या विंगमधल्या कुणाच्या तरी मुंबईच्या चुलतभावाकडे एक एलपी होती. तिच्यावरून एकाने कॅसेट भरली, त्या कॅसेटवरून दुसऱ्याने, आणि दुसऱ्याच्या कॅसेटवरून मामांनी. थोडक्यात, जर्नल जसं फिरतं तसंच. सी-९० कॅसेट, ए बाजूला जेथ्रो टल या बँडचा 'अ‍ॅक्वालंग' आणि बी बाजूला अभिषेकीबुवांची नाट्यगीतं. अल्बम सुमारे त्रेचाळीस मिनिटांचा आणि कॅसेटची एक बाजू पंचेचाळीसची, त्यामुळे अख्खा अल्बम एका बाजूत बसला होता.

मे महिन्यात मामांकडे गेलं की ती कॅसेट एकदा तरी लागायचीच. मला ती अजिबात आवडायची नाही. कुणीतरी गोधडीत तोंड खुपसून गातंय असा तो आवाज. मधेच तर आवाज इतका चिरका आणि बारीक व्हायचा, की कॅसेट गुंडाळली जातेय या भीतीने मी टेपकडे धावायचो. मामा मात्र डोळे मिटून बसलेले. पुढे फर्स्ट इयरला एका सिनिअरच्या पेन ड्राइव्हमध्ये हाच अल्बम एमपी-थ्री स्वरूपात सापडला. तो पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत सारखाच मोठा, तीन गाण्यांतच डोकं दुखायला लागलं. 'जुन्या लोकांचं काही खरं नाही' असा निष्कर्ष काढून मी तो फोल्डर डिलीट केला.

आणि मग सहाव्या सेमला, रात्री दीड वाजता, एका मित्राच्या चांगल्या हेडफोनवर या अल्बमचं २०११ सालचं नवं मिक्स कानावर पडलं. पुढची त्रेचाळीस मिनिटं मी जर्नलला हात लावला नाही. मामांच्या टेपवर कॅसेट बिघडली असं मला वाटायचं ती जागा आली आणि मी उठूनच बसलो. तिथे काहीही बिघडलेलं नव्हतं.

पण आधी बँडविषयी थोडं. जेथ्रो टल हे मुळात एका इंग्रज शेतीतज्ज्ञाचं नाव. १७०१ च्या सुमारास त्याने घोड्याने ओढायचं, बी ओळीत टाकणारं पेरणीयंत्र बनवलं. (आपल्याकडे तिफण आणि पाभर पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करत आल्या आहेत, तेव्हा फार भारावून जायचं कारण नाही.) १९६८ मध्ये या बँडला कार्यक्रम मिळवून देणाऱ्या कचेरीतल्या इतिहासप्रेमी माणसाने हे नाव सुचवलं आणि ते चिकटलं. बँडचा म्होरक्या इयन अँडरसन, गातो, गिटार वाजवतो, आणि मुख्य म्हणजे एका पायावर उभा राहून बासरी वाजवतो. ती आपल्यासारखी बांबूची नाही, चाव्यांची, धातूची. 'अ‍ॅक्वालंग' मार्च १९७१ मध्ये आला. अकरा गाणी. एलपीच्या पहिल्या बाजूवर रस्त्यावरची माणसं, दुसरीवर देव आणि त्याच्या नावाने चालणाऱ्या संस्था. शीर्षकगीत एका बेघर म्हाताऱ्यावर आहे. अँडरसनच्या त्या वेळच्या पत्नीने, जेनीने, बेघर माणसांचे फोटो काढले होते, त्यांतून ते सुचलं. लिहायलाही तिचा हात लागला आहे.

समीक्षकांनी याला 'कन्सेप्ट अल्बम' म्हणजे एका कल्पनेभोवती गुंफलेला अल्बम ठरवलं, अँडरसन आजतागायत नाही म्हणतो. इतका नाही म्हणतो की पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, त्याने 'थिक अ‍ॅज अ ब्रिक' काढला. एलपीच्या दोन्ही बाजू मिळून एकच गाणं! घ्या कन्सेप्ट. प्रोग्रेसिव्ह रॉक नावाच्या प्रकाराचा हा सुगीचा काळ होता. तीन मिनिटांच्या गाण्याची चौकट मोडायची, मधेच लय बदलायची, जोरकस भागाला लागून एकदम हळुवार भाग आणायचा, अशी ही मंडळी. हे शेवटचं लक्षात ठेवा. हळू आणि जोरात यांतला फरक हाच या संगीताचा कणा आहे.

आता अभ्यासक्रमाकडे वळू. 'रीमास्टर' हा शब्द आपण सर्रास वापरतो, पण मलाही तो इलेक्टिव्ह घेईपर्यंत कळला नव्हता. रेकॉर्डिंग होतं तेव्हा एकाच रुंद टेपवर अनेक समांतर पट्टे असतात. एकावर बास, एकावर गिटार, दोन-चारांवर ड्रम, एकावर गळा. ही झाली मल्टिट्रॅक टेप. त्यातून प्रत्येकाचा आवाज कमी-जास्त करून, डावी-उजवी जागा ठरवून दोन पट्ट्यांची स्टीरिओ टेप बनवतात, ते मिक्सिंग. आणि त्या दोन पट्ट्यांवर शेवटचा हात फिरवून ती एलपीच्या किंवा सीडीच्या साच्यात बसवणं म्हणजे मास्टरिंग.

चौकातल्या भेळवाल्याचं उदाहरण घ्या. कुरमुरे, कांदा, शेव, चिंचेचं पाणी वेगवेगळ्या डब्यांत आहे, ही मल्टिट्रॅक. त्याने ती कालवली, हे मिक्स. आता हातात आलेल्या द्रोणावर तुम्ही लिंबू पिळू शकता, वरून तिखट भुरभुरवू शकता, हे मास्टरिंग. पण कालवलेल्या भेळेतलं चिंचेचं पाणी काढून घेता येत नाही. रीमास्टर म्हणजे त्याच द्रोणावर पुन्हा लिंबू. रीमिक्स म्हणजे परत डब्यांपाशी जाणं. (हल्लीच्या लग्नांत वाजतं ते 'रीमिक्स' वेगळं, त्याचा इथे संबंध नाही.)

'अ‍ॅक्वालंग'चं दुखणं द्रोणातलंच होतं. लिंबू पिळून भागणारं नव्हतं.

लंडनमध्ये नॉटिंग हिल भागात बेसिंग स्ट्रीटवर एक जुनं चर्च होतं. आयलंड रेकॉर्ड्स या कंपनीने ते घेऊन तिथे स्टुडिओ केला. मोठा स्टुडिओ चर्चच्या मुख्य जागेत आणि लहान स्टुडिओ खाली तळघरात. १९७०-७१ च्या हिवाळ्यात वरच्या मोठ्या स्टुडिओत जेथ्रो टल होते आणि खालच्या लहान स्टुडिओत लेड झेपेलिन आपला चौथा अल्बम करत होते. एका इमारतीत एकाच वेळी हे दोन अल्बम! टलचा गिटारवाला मार्टिन बार सांगतो, की तो शीर्षकगीताचा सोलो वाजवत असताना जिमी पेज कंट्रोल रूममध्ये येऊन काचेपलीकडून हात हलवू लागला. उलट हात हलवावा तर टेक जाणार. तो नुसता हसला आणि वाजवत राहिला. तोच सोलो आज आपण ऐकतो.

गंमत बाजूला ठेवू. लहान जागा झेपेलिनला मानवली. मोठी जागा टलला नाही. उंच छताची, पोकळ आवाजाची ती खोली होती. आणि तिथे बसून जे ऐकू येत होतं ते बाहेरच्या जगात तसं ऐकू येत नव्हतं, अशी अँडरसनची तक्रार आहे. रेकॉर्डिंगचा अनुभव त्रासाचा होता हे त्या बँडने पुढे अनेक मुलाखतींत सांगितलं आहे.

'तिथे बसून ऐकू येणं आणि बाहेर ऐकू येणं यात इतका काय फरक पडतो?' असं ज्यांना वाटत असेल त्यांच्यासाठी माझी स्वतःची फजिती सांगतो.

गेल्या वर्षी गॅदरिंगच्या आधी आमच्या विंगच्या बँडचं एक गाणं आम्ही आठ ट्रॅकवर रेकॉर्ड केलं. ढोलकी, दोन गिटार, बास, हार्मोनियम, तीन गळे. मिक्सिंग माझ्याकडे. मी उसने स्पीकर आणून माझ्या रूममध्ये, भिंतीपाशी टेबलावर ठेवले आणि खोलीच्या बरोबर मध्ये खुर्ची टाकून बसलो. बास काही केल्या ऐकूच येईना. मी वाढवला. अजून वाढवला. रूम-मेट म्हणाला, "बास झालं." मला वाटलं तो विनोद करतोय. गॅदरिंगच्या दिवशी हॉलच्या स्पीकरवर गाणं लागलं आणि पहिल्या ओळीलाच खिडक्यांच्या काचा थडथडल्या. गळे कुठे गेले, ढोलकी कुठे गेली, पत्ता नाही. नुसतं घूं. प्राचार्य पहिल्या रांगेत होते. त्यांनी कानात बोट घातलं नाही, एवढा त्यांचा मोठेपणा.

दुसऱ्या दिवशी टेप घेऊन खोली मोजली. लांबी साडेतीन मीटर. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरा. ज्या आवाजाची अर्धी लहर खोलीच्या लांबीत बरोबर मावते, तो आवाज दोन भिंतींमध्ये अडकून स्थिर लहर तयार करतो. ३४३ भागिले (२ गुणिले ३.५), म्हणजे ४९ हर्ट्झ. या लहरीचा दाब भिंतींपाशी सगळ्यात जास्त आणि बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य. माझी खुर्ची कुठे होती? बरोबर मध्यावर. आणि आमचं गाणं कशावर बांधलेलं होतं? बास गिटारच्या सगळ्यात जाड तारेवरचा, तिसऱ्या पडद्याचा 'जी'. त्याची फ्रिक्वेन्सी ४९ हर्ट्झ. फिजिक्सने माझा असा ठरवून मामा केला होता. खुर्ची दोन-अडीच फूट मागे सरकवली असती तरी खूप फरक पडला असता.

म्हणजे मी वाईट मिक्स केलं नव्हतं, मी माझ्या खोलीसाठी उत्तम मिक्स केलं होतं. हे वाक्य मी सरांसमोर म्हणून पाहिलं. ते हसले आणि म्हणाले, "जगात तुझी खोली एकच आहे." त्या दिवसापासून अँडरसनबद्दल मला बंधुभाव वाटतो. फरक इतकाच, की माझं गाणं एका संध्याकाळी संपलं आणि त्याचं चाळीस वर्षं तसंच विकलं गेलं. लोकांना ते आवडलंही, कारण गाणीच तशी आहेत. पण आवाज मात्र झाकोळलेला.

त्यानंतर सीडी आल्या. सोळा बिटांची सीडी तात्त्विकदृष्ट्या ९६ डेसिबलची डायनॅमिक रेंज देते, म्हणजे सगळ्यात हळू आणि सगळ्यात जोरात यांच्यात तेवढं अंतर ठेवता येतं. साध्या कॅसेटला पन्नास-पंचावन्नच्या आसपास मिळतात. तिची टेप सेकंदाला जेमतेम पावणेपाच सेंटिमीटर सरकते, स्टुडिओतली ३८ सेंटिमीटर, म्हणजे आठपट. कॅसेट मुळात १९६३ मध्ये फिलिप्सने आणली ती तोंडी मजकूर टिपून घेण्यासारख्या साध्या कामांसाठी, हे कळल्यावर तिच्याबद्दलची माझी तक्रार निम्मी झाली. तर एवढं मोठं अंगण सीडीने दिलं, आणि १९९० नंतर जगभरच्या कंपन्यांनी केलं काय? सगळे वरच्या भिंतीला चिकटून उभे राहिले.

कारण मजेशीर आहे. एकच गाणं दोनदा लावा, दुसऱ्यांदा एखाद-दुसरा डेसिबल मोठं. ऐकणारा दुसरं 'जास्त चांगलं' म्हणेल, 'जास्त मोठं' नाही म्हणणार. माणसाच्या कानाला हळू आवाजात खालचे आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं. मोठं केलं की ते सूर वर येतात आणि गाणं भरदार वाटतं. म्हणून रीमास्टर करताना लिमिटर लावायचा, उंच टोकं छाटायची आणि उरलेलं सगळं वर उचलायचं. दुकानात ते उठून दिसतं. घरी अर्ध्या तासाने कान थकतात आणि का थकले ते कळत नाही. त्या सिनिअरच्या पेन ड्राइव्हमधल्या फायली मी नंतर पुन्हा मिळवून लॅबमध्ये ऑडॅसिटीत उघडल्या. लहरी कसल्या, जाड निळी वीट! अल्बममध्ये 'वंडरिंग अलाउड' नावाचं दोन मिनिटांचंही नसलेलं एक हळुवार गाणं आहे, गिटार आणि मागे व्हायोलिनं. ते आणि शीर्षकगीताचा दणका, दोघांची उंची जवळजवळ सारखी. कुजबुज आणि आरोळी एकाच आवाजात. (ती वीट नेमकी कोणत्या टप्प्यावर भाजली, सीडी बनवताना की कुणी एमपी-थ्री करताना, ते फायलीवरून सांगता येत नाही, त्यामुळे कुणावर आरोप नाही.)

स्ट्रीमिंगवाल्यांनी हा खेळ थोडा मोडला. स्पॉटिफायसारख्या सेवा सगळी गाणी मोजून साधारण −१४ लफ्स या एकाच पातळीवर आणून वाजवतात, म्हणजे ओरडणाऱ्याला ओरडण्याचा फायदा उरत नाही. मात्र छाटलेली टोकं त्याने परत येत नाहीत. कापलेल्या नखासारखं आहे ते, फक्त पुन्हा वाढत नाही.

या पार्श्वभूमीवर स्टीव्हन विल्सन. पोर्क्युपाइन ट्री या बँडचा हा संस्थापक. २००९ च्या डिसेंबरमध्ये हा बँड आयआयटी बॉम्बेच्या मूड इंडिगोमध्ये वाजवून गेला, आपल्या कॉलेजचे काही माजी विद्यार्थी अजून त्या रात्रीच्या गोष्टी सांगतात. त्याच वर्षी विल्सनने किंग क्रिमसनच्या १९६९ च्या पहिल्या अल्बमचं नवं मिक्स केलं होतं. मग 'अ‍ॅक्वालंग'च्या चाळिशीच्या निमित्ताने त्याच्याकडे या अल्बमच्या मूळ मल्टिट्रॅक आल्या. तो डब्यांपाशी परत गेला. प्रत्येक पट्टा संगणकावर घेतला आणि अख्खा अल्बम नव्याने कालवला. २०११ मध्ये तो निघाला.

माझ्या रूम-मेटचा (मेकॅनिकल, स्वभावही मेकॅनिकल) इथे आक्षेप आहे. तो म्हणतो, १९७१ मध्ये जे बाजारात आलं ते खरं, बाकी सगळी डागडुजी. उद्या वेरूळच्या लेण्यात कुणी तुटलेला हात बसवला तर चालेल का? मुद्दा बिनतोड नाही पण वजनदार आहे. माझं उत्तर असं, की विल्सनने हात बसवलेला नाही. नवीन काही वाजवलं नाही, कोण डावीकडे, कोण उजवीकडे हेही शक्यतो जुन्याप्रमाणेच ठेवलं. मूर्तीवर पिढ्यान्‌पिढ्या चढलेली शेंदराची खोळ उतरल्यावर खालचं नाक-डोळे दिसावेत, तसं ते आहे. यावर तो म्हणतो, की आजीने ज्या मूर्तीला हात जोडले ती शेंदराचीच होती. इथे मी गप्प बसतो. विल्सनच्या अशा बऱ्याच संचांत जुन्या मिक्सची न हाताळलेली नक्कलही दिलेली असते, यावरून त्यालाही हा प्रश्न पडत असावा.

आता त्या रात्री मला काय ऐकू आलं ते सांगतो. शीर्षकगीत साडेसहा मिनिटांचं. सुरुवातीला गिटारचा तो जड, सहा सुरांचा दणका. थोड्या वेळाने सगळं थांबतं, फक्त साधी गिटार, आणि अँडरसनचा गळा येतो तो टेलिफोनमधून बोलल्यासारखा. बारीक, चपटा, खालचे-वरचे सूर कापलेला. आपल्या टेलिकॉमच्या भाषेत ३०० ते ३४०० हर्ट्झ, झोपेत विचारलं तरी येतात हे आकडे. मामांकडे जिथे मी टेपकडे धावायचो ती हीच जागा! कॅसेट खराब झाली नव्हती, त्या माणसाने ते मुद्दाम केलं होतं. आधीचा दणका म्हणजे म्हाताऱ्याकडे नाक मुरडून पाहणारं जग. हा फोनमधला आवाज म्हणजे तोच म्हातारा लांबून, थंडीत, एकटा दिसतोय. पुढे गळा हळूहळू पूर्ण होतो आणि माणूस जवळ येतो. पण कॅसेटवर मुळात सगळाच आवाज कापलेला. जिथे सगळंच टेलिफोनसारखं आहे तिथे टेलिफोन वेगळा ओळखू यायचा कसा?

म्हणजे मी ज्याला बिघाड समजत होतो ती कला होती आणि ज्याला त्या बँडची शैली समजत होतो, ते गोधडीतलं गाणं, तो बिघाड होता. बरोबर उलट. (आणि हो, बासरीसाठी प्रसिद्ध असलेल्या या बँडच्या सगळ्यात प्रसिद्ध गाण्यात बासरी नाही. पैज लावायला बरं आहे.)

दुसरं उदाहरण 'लोकोमोटिव्ह ब्रेथ'. आगगाडीच्या दमाचं गाणं. सगळ्यांनी एकत्र वाजवून हवी ती लय बसेना, तेव्हा अँडरसनने स्वतःच बेस ड्रम आणि हाय-हॅट वाजवून सांगाडा उभा केला आणि ड्रमर क्लाइव्ह बंकरसकट बाकीच्यांनी त्यावर आपलं चढवलं. सुरुवातीचा पियानोही वेगळा रेकॉर्ड करून जोडलेला. नव्या मिक्समध्ये ही हाय-हॅट एकटी ऐकता येते. चिक्‌-चिक्‌-चिक्‌, रुळांच्या सांध्यांवरून जावी तशी, जरा ताठ, एकसुरी. ती ड्रमरची वाटत नाही, कारण ती ड्रमरची नाहीच. कॅसेटवर मला ती कधीच ऐकू आली नव्हती.

आणि 'चीप डे रिटर्न'. दीड मिनिटाहूनही लहान. कॅसेटवर ते दोन गाण्यांच्या मधली भरताड वाटायचं. अँडरसनचे वडील आजारी, हॉस्पिटलात, तो त्यांना रेल्वेने भेटायला गेला आणि परत आला, त्यावरचं हे गाणं. एका दिवसात जाऊन-येण्याचं स्वस्त तिकीट, तेच शीर्षक. गिटारच्या तारेवर बोट सरकल्याचा आवाजसुद्धा आता येतो.

साहजिकच पुढच्या सुट्टीत मी हेडफोन घेऊन मामांकडे गेलो. "मामा, तुम्ही चाळीस वर्षं जे ऐकलंत ते हे नव्हतंच," असं काहीसं मोठ्या तोंडाने म्हणालो आणि 'लोकोमोटिव्ह ब्रेथ' लावलं. मामांनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं. मग हेडफोन काढून म्हणाले, "छान आहे. कॅसेटसारखंच आहे की रे."

मला वाटलं चेष्टा करताहेत. पुन्हा लावलं, हाय-हॅट येते तिथे बोट वर केलं. मामांनी मान हलवली, येते असं नाही, येत नाही अशी.

मामांनी एका साखर कारखान्यात एकतीस गळीत हंगाम काढले. मिल हाऊस आणि टर्बाइन. त्या फ्लोअरवर शेजारच्याशी बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागतं. कानात कापूस घालायचा तोही आठवला तर. मोठ्या आवाजाने कान जातो तो आधी ४००० हर्ट्झच्या आसपास जातो, बोलणं त्यामानाने बरं ऐकू येत राहतं, त्यामुळे माणसाला वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. वयाने वरचे सूर जातात ते वेगळेच. हाय-हॅटची मुख्य वस्ती नेमकी तिथेच, बासरीतला फुंकरीचा आवाजही तिथलाच. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने मोठ्या माणसाला आठवड्याला ८० डेसिबल ४० तास चालतात आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८३ ला वीस तास, ८६ ला दहा, ८९ ला पाच, ९२ ला अडीच. आमच्या विंगमध्ये इअरफोन लावूनच झोपणारे दोघं आहेत, त्यांनी गुणाकार स्वतः करावा.

दुसऱ्या दिवशी मामांना घेऊन जिल्ह्याच्या गावी कानाच्या तपासणीला गेलो. एसटीने सकाळी जाऊन संध्याकाळी परत. ऑडिओग्रामची रेघ दोन्ही कानांत १००० हर्ट्झपर्यंत बरी, आणि मग ४००० पाशी विहिरीत पडल्यासारखी खाली. मामा तो कागद बघून म्हणाले, "हा तर लो-पास फिल्टर!" इंजिनिअरच शेवटी.

घरी आल्यावर मी हार मानली नव्हती. इक्वलायझर उघडून ४००० च्या आसपास भरपूर उचललं. मामांनी चेहरा वाकडा केला, "टोचतंय." ज्याचा कान तिथे गेलाय त्याला हळू आवाज ऐकू येत नाही आणि वाढवला की एकदम असह्य होतो. मधली जागाच अरुंद झालेली असते. मी इक्वलायझर बंद केला. स्टुडिओतलं चर्च विल्सनने दुरुस्त केलं होतं. कॅसेटचा प्रश्न हेडफोनने मिटला होता. साखळीतली शेवटची कडी माझ्या हातात नव्हती.

"राहू दे," मामा म्हणाले, "पहिल्यापासून लाव. नुसतं ऐकू." त्यांनी हेडफोन घातले. मी फोनच्या पडद्यावर कुठलं गाणं चाललंय ते बघत शेजारी बसलो. 'मदर गूज' अर्ध्यावर आलं असेल, मामांनी टेबलावर बोटाने टकटक केली. एक. मग थांबून दुसरी. मग तिसरी. आणि डोळे उघडून माझ्याकडे बघितलं.

"इथलं टिक्‌ टिक्‌ टिक्‌ कुठे गेलं रे?"

मला काही कळेना. मी कपाटातून कॅसेट काढली, टेपमध्ये घातली, ते गाणं शोधलं. होतं. गाण्याच्या मध्यावर तीन वेळा, बारीक, पण स्पष्ट. इतक्या वर्षांत मी त्याकडे कधी लक्षच दिलं नव्हतं. मोबाईलवर स्टॉपवॉच लावून अंतर मोजलं. दोन टिकांमध्ये १.८ सेकंद. एलपी मिनिटाला सव्वातेहतीस फेऱ्यांपेक्षा किंचित जास्त फिरते, ६० भागिले ३३.३३, म्हणजे एका फेरीला १.८ सेकंद. १९८० च्या आसपास कधीतरी, मामांच्या मित्राच्या त्या मुंबईच्या चुलतभावाने सुई जरा जोरात टेकवली असणार. तो ओरखडा दोन कॅसेटी पार करून मामांच्या कॅसेटवर आला होता.

"नव्यात नाहीये ते, मामा. ती एलपीची चूक होती."

"असेल," मामा म्हणाले. "पण ते आलं की मला कळायचं, आता बाजू अर्ध्याच्या जवळ आली, चहा टाकायला हरकत नाही."

मी उठून चहा टाकला. आता नवं मिक्स लावलं तरी 'मदर गूज'च्या मध्यावर माझंही बोट तीनदा टेबलावर पडतं. रूम-मेट विचारतो काय वाजवतोयस. हेडफोन त्याच्याही कानाला लावून बघितला, पण तो अजून १९७१ चंच मिक्स ऐकायचा हट्ट धरून बसला आहे.